तबकातली गोरखचिंच

गोरखचिंच हे आफ्रिकेतून आलेले झाड. शास्त्रीय नाव अडॅन्सोनिया डिजिटाटा. बाओबाब हे जगभर रुळलेले नाव. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात तिची जुनी झाडे उभी आहेत. फाल्गुनात ती पाहिली तर अंगावर पान नसते. राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखा बुंधा आणि त्याच्या माथ्यावर आखूड, जाडजूड फांद्यांचा विस्कटलेला पसारा, एवढेच. आषाढात त्याच फांद्या हिरव्या पंजांनी भरतात आणि झाड दुसरेच वाटू लागते. थोडक्या उंचीत मोठे वय दाखवणारा बुंधा कमावण्यासाठी बॉन्साय करणारे वड-पिंपळावर वीस-वीस वर्षे खपतात. गोरखचिंचेला तो उपजत असतो. म्हणून नवशिके ती सोपी समजतात. वसई-विरारमध्ये ती सोपी नाही, आणि त्याचे कारण इथला पाऊस आहे.

नावात चिंच असली तरी चिंचेशी तिचे नाते नाही. चिंच शेंगावर्गातली, गोरखचिंच काटेसावरीची चुलत बहीण. दोघी पूर्वी शाल्मली कुलात मोजल्या जात, आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना भेंडी-जास्वंदीच्या मोठ्या कुलात धरतात. फळातला पांढरट, भुसभुशीत गर आंबट असतो, त्यावरून ‘चिंच’. आणि ‘गोरख’ हे गोरखनाथांचे नाव लोकांनी जोडलेले. उत्तरेकडे ती गोरख इमली, गुजरातेत रूखडो. माळव्यातल्या मांडूला ती इतकी आहे की तिथल्या बाजारात तिची फळे ‘मांडू की इमली’ म्हणून विकली जातात. उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळच्या किंतूर गावी लोक ज्याला पारिजात म्हणून पूजतात तेही हेच झाड. अडॅन्सोनिया प्रजातीला नाव मिळाले ते मिशेल आदाँसाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून, जो १७४९ ते १७५४ या काळात सेनेगलमध्ये राहिला होता. ‘डिजिटाटा’ म्हणजे बोटांसारखी पाने असलेली. या प्रजातीत आठ जाती मानल्या जातात: सहा मादागास्करच्या, एक ऑस्ट्रेलियाची आणि एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची. भारतात जुनी झालेली झाडे या शेवटच्या जातीची.

ती इथे आली कशी, याचे उत्तर वसईत सहज पोर्तुगीजांकडे बोट दाखवून दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत मोझांबिक आणि वसई एकाच सत्तेच्या बंदरांच्या साखळीत होती. जहाजांतून माणसे, गुलाम, हस्तिदंत आले, तसे बीही येऊ शकत होते. पण त्याच्याही आधी इथलेच सोपारा हे नामांकित बंदर होते, आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेशी व्यापार कितीतरी शतके चालू होता. २०१५ मध्ये कॅरन बेल, हरिप्रिया रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या व आफ्रिकेतल्या झाडांची जनुके ताडून पाहिली. गोरखचिंच भारतात एकदाच नव्हे, अनेकदा आणि आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बॉन्साय करणाऱ्याला यातून एक व्यवहाराची गोष्ट मिळते. दोन ठिकाणच्या फळांतून उगवलेली रोपे एकसारखी वागतील असे धरून चालू नये.

तबकात वाढवण्यापूर्वी या झाडाचे शरीर समजून घ्यावे लागते, कारण त्याच्या छाटणीचे सगळे नियम तिथून निघतात. गोरखचिंचेचे लाकूड नावापुरते लाकूड आहे. ते मऊ, तंतुमय, स्पंजासारखे असते आणि ताज्या लाकडाच्या वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा असतो. कोरड्या ऋतूत बुंधा थोडा आकसतो, पावसाळ्यात फुगतो. हे पाणी झाड उन्हाळाभर घोट घोट पिते असे लोक समजतात. मादागास्करमधल्या बाओबाबांच्या अभ्यासात वेगळेच दिसले. पाऊस येण्याच्या आधी नवी पालवी काढण्यासाठी झाड तो साठा वापरते. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी कुंडीतल्या झाडाला अंकुर दिसू लागले, तर ते त्याच्या स्वतःच्या पाण्यावर आलेले असतात. अंकुर पाहून लगेच बादलीभर पाणी घालणे हा पहिला मोह, आणि पहिली चूक.

दुसरी गोष्ट सालीची. वरच्या पातळ राखाडी पापुद्र्याखाली नखाने हलके खरवडले तर हिरवा थर दिसतो. तो जिवंत असतो आणि पाने नसतानाही थोडेफार अन्न बनवतो. आफ्रिकेत दोर वळण्यासाठी या झाडाची साल सोलून काढतात आणि झाड ती पुन्हा भरून काढते. बहुतेक वृक्ष अशा सोलण्याने मरतील. छाटणीची जखम गोरखचिंच चांगली भरते ती याच जोरावर. पण साल भरते म्हणून आतले लाकूड कुजत नाही असे नाही. ओले राहिलेले आतले लाकूड कुजते, आणि बाहेरून साल शाबूत दिसत असताना बुंधा आतून पोकळ होत जातो.

आता पाऊस. आफ्रिकेत ही झाडे जिथे दाट आहेत, तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. वसईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटर आणि अधिक कोसळतो. तरीही किल्ल्याजवळची झाडे शतके टिकली आहेत. मग तबकातले रोप एका पावसाळ्यात का सडते? उत्तर कुंडीच्या उंचीत आहे. कुठल्याही भांड्यातल्या मातीच्या तळाशी, छिद्रे असली तरी, पाण्याचा एक थर अडून राहतो. भांडे उंच असो वा बसके, त्या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. एक फूट खोल कुंडीत तळाची दोन बोटे ओली राहिली तर मुळांचा बराचसा भाग कोरडा राहतो. दोन इंची तबकात तीच दोन बोटे म्हणजे अख्खे तबक. उघड्या जमिनीत असा तळच नसतो, पाणी खाली जात राहते. बॉन्सायचे तबक जितके देखणे आणि उथळ, तितके गोरखचिंचेला ते दलदलीसारखे. म्हणून या झाडाला नेहमीपेक्षा खोल भांडे द्यावे, आणि पावसाळ्यात भांड्याच्या एका टोकाखाली वीट सरकवून ते तिरके ठेवावे. तिरपे झाले की अडलेले पाणी खालच्या कडेला जमून छिद्रातून निघून जाते. जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे; वसईत तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

मातीतही हाच हिशोब. वाडीतली काळी, पानवेल-केळीला मानवणारी माती गोरखचिंचेला नको. विटांचे मुगापासून हरभऱ्याएवढे तुकडे, तेवढीच जाड रेती, थोडा कोळसा आणि एक हिस्सा चाळलेले कुजके शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, असे मिश्रण पुरते. विटांचा बारीक भुगा चाळून काढलाच पाहिजे; तो राहिला तर छिद्रे बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. रेती किनाऱ्यावरची आणू नये. अर्नाळा, भुईगाव, रानगावच्या पुळणीची वाळू कितीही धुतली तरी ती बारीक असते आणि मीठ सोडत नाही. पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच विहिरींचे पाणीही आता खारट लागते. असे पाणी कुंडीत वर्षानुवर्षे घातले तर मातीवर पांढरा थर चढतो आणि पानांच्या कडा करपतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. ते नसेल तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने माती भरपूर धुऊन काढावी.

रोप मिळवण्याचे मार्ग दोन. नर्सरीत गोरखचिंच म्हणून जे मिळते ते नीट पाहून घ्यावे. काटेसावरीचे किंवा मेक्सिकोतून आलेल्या शेव्हिंग ब्रश ट्रीचे रोप तिच्या नावाने खपू शकते, कारण लहानपणी त्यांचाही बुंधा फुगतो. काटेसावरीच्या खोडावर काटे असतात, गोरखचिंचेच्या नसतात. शेव्हिंग ब्रशच्या बुंध्यावर कासवाच्या पाठीसारख्या हिरव्या भेगा पडतात. दुसरा मार्ग बियांचा, आणि तोच बरा. फळ कठीण, मखमली कवचाचे, भोपळ्यासारखे लोंबणारे. आत गरात गुंतलेल्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया. गर पाण्यात भिजवून चोळून काढावा, मग बियांवर उकळून खाली उतरवलेले पाणी ओतून रात्रभर तशाच ठेवाव्यात. कवच इतके जाड असते की हे केल्याशिवाय काही बिया वर्षभर मातीत तशाच पडून राहतात. फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा गरम पाण्यात. एप्रिल-मे हा पेरण्याचा काळ: ऊब आहे, पाऊस नाही, आणि रोपाला पहिला पावसाळा येण्याआधी मूळ धरायला वेळ मिळतो. पहिली पाने साधी, एकपाती येतात. पंजा नंतर दिसतो. साधी पाने पाहून दुसरेच झाड उगवले म्हणून रोपे उपटून टाकण्याचा प्रकार घडतो, म्हणून हे लक्षात ठेवावे.

बुंधा तबकात जाड होत नाही. हे सर्व बॉन्सायला लागू आहे, पण गोरखचिंचेच्या बाबतीत लोक विसरतात, कारण रोप लहानपणीच गाजरासारखे फुगलेले असते. ती फूग मुळाची आहे, बुंध्याची नव्हे. बुंधा वाढतो तो पानांच्या संख्येवर, आणि पाने भरपूर हवीत तर मुळाला जागा हवी. ज्यांच्याकडे वाडी आहे, त्यांनी दोन-तीन पावसाळे रोप जमिनीतच वाढवावे. खड्ड्यात एक सपाट कौल किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा, त्यावर सोटमूळ छाटलेले रोप, मुळे चहूबाजूंना पसरून, आणि वर उंचवट्याचा वाफा, म्हणजे पाणी तुंबणार नाही. कौलामुळे मूळ खाली न जाता आडवे पसरते आणि पुढे तबकात बसवताना बुंध्याच्या पायाशी मुळांचा घेर तयार मिळतो. पण वसई-विरारमध्ये अनेक जण इमारतींत राहतात. अशांना प्लास्टिकचा मोठा टब किंवा गोणी चालते. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी हवी, सावलीत हे झाड लांबट आणि दुबळे होते. गच्चीवर ठेवायचे तर सोसायटीशी गळतीचा विषय आधी बोलून घेतलेला बरा.

छाटणीकडे वळण्यापूर्वी हे झाड छाटले नाही तर काय करते ते पाहावे. फांदी सरळ लांब जाते, बुडापासून टोकापर्यंत जवळपास एकाच जाडीची राहते, आणि पाने फक्त टोकाशी झुपक्याने येतात. अशी फांदी जाड बुंध्यावर खोचलेल्या काठीसारखी दिसते. गोरखचिंचेच्या बॉन्सायमध्ये बुंधा निसर्ग देतो. फांदी निमुळती करणे हे सगळे माणसाचे काम. प्रदर्शनात ठेवलेले झाड चांगले की सुमार, हे बुंध्यावरून नव्हे तर फांद्यांवरून ठरवावे.

त्यासाठी ‘वाढू द्या आणि कापा’ ही पद्धत सर्वांत खात्रीची. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेतले बॉन्साय याच रीतीने घडतात, आणि उष्ण प्रदेशातल्या, तारेला दाद न देणाऱ्या झाडांना ती विशेष मानवते. निवडलेली फांदी मोकळी सोडायची. हवी तेवढी जाड झाली की ती बुडाजवळ, दोन-तीन पानांच्या खुणा मागे ठेवून, कापायची. खुणांजवळच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटी येतात. त्यातली योग्य दिशेची एक किंवा दोन ठेवायच्या, बाकीच्या खुडायच्या. ठेवलेली फूट पुन्हा मोकळी सोडायची, पण ती मूळ तुकड्याच्या अर्ध्या-पाऊण जाडीची होईपर्यंतच. मग तीही कापायची, पहिल्यापेक्षा आखूड. असे चार-पाच वेळा केले की फांदीला प्रत्येक सांध्यात वळण येते आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बारीक होत जातो. पहिल्या कापावेळी हात थरथरतो. वर्षभर वाढवलेली दोन फुटांची फांदी दोन इंचांवर आणायची असते. पण अर्धवट कापलेली फांदी कधीच सुधारत नाही.

काप कुठे द्यायचा यालाही रीत आहे. गोरखचिंचेची कापलेली फांदी काप दिलेल्या जागी थांबत नाही, ती खालच्या डोळ्यापर्यंत वाळत येते. म्हणून डोळ्याला लागून कापू नये, बोटाच्या एका पेराएवढा तुकडा सोडून कापावे. वाळलेला तुकडा पुढे आपोआप गळतो किंवा हाताने तुटतो. मोठ्या जाडीच्या कापाला, विशेषतः बुंध्याच्या माथ्यावरच्या, मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. वसईच्या बागायतदारांना ती नवी नाही. लावण्याआधी काप दिवसभर उघडा ठेवून वाळू द्यावा. ओल्या कापावर लेप दिला तर ओल आतच कोंडते.

केव्हा छाटायचे, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न. पुस्तकांत ‘सुप्तावस्थेत छाटावे’ असे दिलेले असते. ते थंड देशांच्या झाडांसाठी लिहिलेले असते, आणि वसईत त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. इथे पाने डिसेंबरपासून पिवळी पडू लागतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत बरीचशी गळतात; समुद्राजवळ हवा दमट असते म्हणून एखादे झाड अर्धी पाने राखूनही बसते. या निजेच्या ऐन मध्यावर मोठी छाटणी केली तर जखम भरायला झाड जागे नसते आणि काप महिनोन्‌महिने तसाच राहतो. मोठी छाटणी मार्चअखेर ते एप्रिल, डोळे फुगू लागताना करावी. ऊन असते, हवा त्यामानाने कोरडी, आणि झाड फुटण्याच्या बेतात. पावसाळ्यात जूनपासून गणपतीपर्यंत जाड फांदीला कात्री लावू नये. कितीही इच्छा झाली तरी. त्या काळात फक्त शेंडे खुडावेत, तेही कोवळे, नखाने.

पाने मोठी येतात ही तक्रार सर्वांची असते. तळहाताएवढा पंजा एक फूट उंचीच्या झाडावर हास्यास्पद दिसतो. त्याला दोन उपाय आहेत. पहिला, ऊन भरपूर आणि नत्र कमी. शेणखताचा हात आखडला की पानेही लहान येतात. दुसरा, सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरताना, पाने राठ झालेली असताना, देठाचा तुकडा राखून सगळी पाने कापून टाकायची. दोन-तीन आठवड्यांत नवी, लहान पाने येतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात झाड देखणे दिसते. मात्र हे निरोगी, त्या वर्षी कुंडी न बदललेल्या झाडावरच आणि वर्षातून एकदाच. अशक्त झाडाची पाने काढणे म्हणजे उपाशी माणसाचे ताट ओढणे. तसे पाहिले तर गोरखचिंचेचे खरे रूप निष्पर्ण असतानाच कळते, आणि प्रदर्शनासाठी फेब्रुवारी हा तिचा महिना. पानांच्या आकाराची चिंता तेव्हा आपोआप मिटते.

तारेचे काम थोडक्यात आटोपते. कोवळी हिरवी फांदी सहज वाकते. राखाडी झाली की नाही. अॅल्युमिनियमची तार सैल गुंडाळावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावी, कारण फांदी फुगते आणि मऊ सालीत तार रुतते. रुतलेल्या तारेचा वळसा वर्षानुवर्षे दिसत राहतो. त्यापेक्षा फांदीला दोरी बांधून खाली ओढणे बरे.

मुळांची छाटणी मात्र सावकाश वाचण्याजोगी. दर दोन-तीन वर्षांनी, पुन्हा एप्रिल-मे मध्येच, झाड तबकातून काढायचे. मूळ रताळ्यासारखे रसाळ असते. जाड, खाली जाणारी मुळे कापायची, बारीक बाजूची ठेवायची. आणि इथे गोरखचिंच इतर बॉन्सायपेक्षा पूर्ण वेगळी वागते. वडाचे झाड मुळे कापल्याबरोबर मातीत लावून पाणी घालावे लागते. गोरखचिंचेची कापलेली मुळे सावलीत, उघडी, काही दिवस वाळू द्यायची, कापांवर कोरडी खपली धरेपर्यंत. झाडाच्या अंगात पाणी आहे, ते मरत नाही. मग कोरड्या मिश्रणात बसवायचे आणि पहिले पाणी आठवड्याने. ताज्या कापाला ओली माती लागली की सड सुरू होते, आणि ती वरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एरवी हाताला गुण असलेले माळीसुद्धा इथे चुकतात, कारण लावल्याबरोबर पाणी घालायची त्यांची सवय.

पाण्याचे वर्षभराचे वेळापत्रक याच सूत्रावर चालते. पाने फुटून तळहाताचा आकार घेऊ लागली की पाणी सुरू. पावसाळ्यापूर्वीच्या उन्हात रोज, भरपूर. जूनमध्ये पाऊस लागला की झाड उजेड मिळेल अशा छपराखाली: पारदर्शक पत्रा, प्लास्टिकची शीट, गॅलरीचा छज्जा, काहीही. पावसाच्या हवेतला ओलावा आणि ऊब तिला आवडते, डोक्यावरची संततधार नाही. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी, गळली की जवळजवळ बंद. महिन्यातून एकदा वरवर शिंपडले तरी चालते. शंका आली तर बुंधा दाबून पाहावा. हिवाळ्यात सगळा बुंधा सारखाच किंचित मऊ आणि सुरकुतलेला लागला तर ती तहान, आणि ती चालते. एकाच जागी, बहुधा मातीलगत, बोट रुतत असेल, साल काळपट असेल, वास येत असेल, तर ती सड. तेव्हा पाणी देऊ नये. झाड उपटून सडलेला भाग निरोगी पांढऱ्या लाकडापर्यंत कापून काढावा आणि झाड आठवडाभर कोरडे ठेवावे.

कीड फार नाही. उन्हाळ्यात लाल कोळी पानांमागे जाळी करतो, देठांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण बसतो. दोन्ही पाण्याच्या फवाऱ्याने आणि निंबोळी तेलाने आटोक्यात राहतात. पावसाळ्यातला मोठा शत्रू गोगलगाय, जी एका रात्रीत रोपाचा शेंडा खाते. ती मोठी तपकिरी गोगलगायही मूळची आफ्रिकेचीच.

आकाराबाबत एक मत नोंदवायला हवे. जपानी परंपरेतल्या देवदार-पाइनच्या साच्यात गोरखचिंच कोंबण्याचा हट्ट अजून दिसतो: त्रिकोणी बाह्याकृती, आडव्या फांद्यांचे थर, टोकदार शेंडा. ते तिला शोभत नाही. दक्षिण आफ्रिकेतले बॉन्सायकार चार्ल्स सेरोनियो यांनी आफ्रिकी वृक्षांच्या शैली स्वतंत्रपणे मांडल्या, त्यांत बाओबाब शैली आहे: रुंद बुंधा, तो वर जाताना एकदम निमुळता होणारा, आणि माथ्यावर चपट्या छत्रीसारखा विस्कटलेला फांद्यांचा घेर. वसईच्या माणसाला ही शैली पुस्तकातून शिकावी लागत नाही, किल्ल्याकडे चालत जाऊन पाहता येते. तबकही तसेच असावे: चकाकीचे नव्हे, मातकट, कोनदार, जरा खोल. किल्ल्याच्या भिंतीचा रंग त्याला चालतो.

शेवटी साहित्य कुठून आणायचे हा प्रश्न. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आणि शहरातली झाडे तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. जुन्या झाडाची फांदी तोडून कलम करण्याचा विचारही करू नये, गरजही नाही: खाली पडलेल्या एका फळात पुरतील त्याहून अधिक बिया असतात. ही झाडे कमी होत आहेत. आफ्रिकेतल्या सर्वांत वृद्ध तेरा बाओबाबांपैकी नऊ २००५ नंतर पूर्णतः किंवा अंशतः मेल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळच सांताक्रूझला स्वामी विवेकानंद मार्गावरची जुनी गोरखचिंच २०२४ मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोडली गेली. कुंडीतले झाड अशा वृक्षाची जागा घेत नाही, पण त्याच्या बियांचा वंश त्यात टिकतो. म्हणून प्रत्येकाने तबकाच्या तळाला न पुसणाऱ्या रंगाने दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: बी कुठल्या झाडाखाली उचलले, आणि पेरले कोणत्या वर्षी.